कदम मॅडमची हायब्रिड

कदम मॅडमचा फोन वाजला की मी आधी घोटभर पाणी प्यायचे आणि मगच तो उचलायचे. एकदा उचलला की पाणी प्यायलासुद्धा सवड मिळायची नाही. त्या कधी ‘हॅलो’ म्हणाल्या नाहीत. बोलणं थेट मधूनच सुरू व्हायचं. “...मंग तो म्हणतो, नंबर सारखाच हाय. मी म्हणलं, नंबर सारखा असून काय होते? तू उद्या सकाळी येऊन राह्यली ना?”

कुठे यायचं, कशासाठी, ‘तो’ म्हणजे कोण, कसला नंबर, हे एकेक करून आपण विचारायचं, आणि तिसऱ्या प्रश्नाला त्या वैतागायच्या. “तुला काहीच कसं म्हाईत न्हाई गं, वर्षा?”

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या तपासणी प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली लागले. कंपनी नवीन बियाणं बाजारात पाठवायच्या आधी त्यातलं मूठभर आमच्याकडे यायचं. ओल्या कागदावर दाणे ओळीत मांडायचे, गुंडाळी करून उबेत ठेवायची, आणि ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवलं ते मोजायचं. काम एवढंच. पण मॅडमनी या एवढ्याशा कामाचा जो छळवाद केला होता, तो भोगल्याशिवाय कळायचा नाही. माझी दाण्यांची ओळ वाकडी गेली म्हणून त्यांनी मला अख्खी तपासणी पुन्हा करायला लावली आहे. “वाकड्या ओळीनं बी उगवत नाही का, मॅडम?” मी विचारलं होतं. “बी उगवतं. तू मोजताना चुकती,” त्या म्हणाल्या. आणि खरोखरच मी चुकले होते, हे सांगायला अजूनही मला राग येतो.

एकदा कपाशीच्या बियाण्याची गाडी भरून फाटकापाशी उभी होती. ताडपत्री बांधून झालेली, ड्रायव्हर बसलेला. मॅडमनी सही केली नाही. उगवण कमी पडत होती, तीही अगदी थोडी. मॅनेजरसाहेबांनी फोन केला, मग ते स्वतः आले, मग त्यांनी आवाज चढवला. हंगाम तोंडावर आहे, दुकानदार बोंबलतायत, थोड्याने काय बिघडतं. मॅडम गुंडाळीतले कोंब मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “साहेब, उगवून दाखवा, मंग बोला.” हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. गाडी परत उतरवावी लागली. साहेब महिनाभर आमच्या खोलीकडे फिरकले नाहीत आणि त्या महिन्यात आमच्या चहाची साखरसुद्धा स्टोअरमधून वेळेवर आली नाही. मॅडम बिनसाखरेचा प्यायच्या. त्यांना मधुमेह होता. त्रास आम्हा बाकीच्यांना झाला.

कागद मात्र त्या कधी जवळ बाळगायच्या नाहीत. लक्षात ठेवायचं ते डाव्या तळहातावर बॉलपेनने लिहायच्या. किराणा, टेलिफोन नंबर, कुणाच्या लग्नाची वेळ, सगळं तळहातावर. डबा खाताना हात धुतला की अर्धं जायचं, आणि मग “वर्षा, मघाशी मी काय लिहिलं होतं गं?” हे मला विचारायचं.

मॅडम मूळच्या हसनाबादच्या. घरची शेती. मिस्टर लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. जालन्यातल्या मस्तगडात दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. सख्खी अशी एकच बहीण, मोठी, घनसावंगीला दिलेली. तिला त्या आक्का म्हणत, म्हणून आम्हीही आक्काच म्हणायचो.

निवृत्तीच्या आसपास मॅडमनी ती गाडी घेतली. कंपनीचे एक मोठे अधिकारी परदेशी चालले होते, त्यांची जपानी बनावटीची जुनी हायब्रिड गाडी. अख्ख्या जालन्यात तशी दुसरी कुणी पाहिली नव्हती. आमच्या भागात हायब्रिड म्हटलं की लोकांना ज्वारी आठवते. गल्लीतल्या आजोबांनी विचारलंच, “बाई, हायब्रिड म्हंजी? दोन गाड्यायचा संकर केलेला हाय का?” मॅडम म्हणाल्या, “बराबर. पेट्रोलचं इंजिन बी हाय अन् मोठी बॅटरी बी हाय. हळू चालली की बॅटरीवर चालती, जोरात चालली की इंजिनावर. ब्रेक दाबला की बॅटरी आपली आपण भरती.” आजोबांनी बराच वेळ गाडीकडे पाहिलं. “चव न्हाई ऱ्हायची,” ते म्हणाले.

पन्नाशी उलटल्यावर त्या गाडी चालवायला शिकल्या. बॅटरीवर असताना गाडीचा आवाजच यायचा नाही. मस्तगडाच्या गर्दीत माणसांच्या पाठीशी ती अशी गुपचूप येऊन उभी राहायची की लोक दचकून शिव्या द्यायचे. मॅडम काच खाली करून उलट त्यांनाच म्हणायच्या, “रस्त्यावर कान उघडे ठेवून चालावं.”

गाडी हौसेची राहिली ती वर्षभरच. मग आक्काच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी जालन्याला यावं लागायचं. घनसावंगीहून जीपमध्ये अंगावर माणसं घेऊन येणं एक वेळ निभायचं, पण परत जाताना आक्काला चक्कर यायची, उलट्या व्हायच्या, बसल्याजागी अंग टाकून द्यायची. मॅडम म्हणाल्या, इथं मस्तगडात माझ्यापाशी राहा. आक्का म्हणाली, मी माझ्या उंबऱ्यावरच मरीन. दोघी एकाच आईच्या. मग मॅडम पहाटे घनसावंगीला जायच्या, आक्काला घेऊन यायच्या, चार तास दवाखान्यात बसायच्या, संध्याकाळी सोडून परत यायच्या. मागच्या सीटवर त्यांनी लाल धाग्याने शिवलेली जाड गोधडी अंथरली होती, दोन्ही बाजूंना उशा लावल्या होत्या. आक्का त्यात आडवी व्हायची आणि अंबड येईपर्यंत झोपून जायची.

अशाच एका परतीच्या वाटेवर, अंबड सोडल्यावर, गाडीच्या काचेखाली लाल त्रिकोण पेटला. मग गाडी धापा टाकत चालायला लागली, चढावर थांबली, आणि पुन्हा सुरूच होईना. आक्काला रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसवून मॅडमनी मला फोन केला. “...अन् इंजिन तर काहीच बोलून न्हाई राह्यलं. तू निघाली का?”

मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून, ओळखीच्या माणसाची जीप घेऊन पोचले, तर आक्का मातीत ओकत होती आणि मॅडम गाडीचं पुस्तक उघडून लाल त्रिकोणाचं पान वाचत होत्या. “मॅडम, आधी आक्काला जीपमध्ये घालू या!” मी ओरडले. त्यांनी पुस्तक मिटलं. आक्काला आम्ही दोघींनी उचलून जीपमध्ये बसवलं, मॅडमनी आपल्या पदराने तिचं तोंड पुसलं. पण जीप निघाल्यावर पहिलं वाक्य काय, तर “मागची मोठी बॅटरी गेली. चौथ्या पानावर लिहिलं हाय.”

शहरातल्या मोठ्या शोरूममध्ये त्यांनी सांगितलं की हे मॉडेल आता बंद झालं आहे. नवीन बॅटरी बाहेरून मागवावी लागेल, आलीच तर कधी येईल सांगता येत नाही, आणि तिच्या किमतीत दुसरी एखादी बरी गाडी येईल. तिथला पोरगेलासा साहेब नम्रपणे म्हणाला, “मॅडम, गाडी भंगारात द्या आणि छोटी नवी घ्या.”

हेच मी म्हणत होते. आक्काचा मुलगा भगवान, त्याचा घनसावंगीला ऊस आहे, तोही तेच म्हणाला. “मावशी, द्या ना भंगारात. कशाला डोकं लावून राह्यल्या?”

“गाडीत काय वाईट हाय? इंजिन धडधाकट, गिअर बराबर, पत्रा नवा. एका भागापायी सगळी फेकायची?”

“तो भागच मिळत न्हाई ना पण!”

“तुला मिळाला न्हाई. मी कुठं शोधलं अजून?”

इथून जे सुरू झालं त्याला शोध म्हणणं म्हणजे शोधाचा अपमान आहे. मॅडमनी देशभरातल्या जुन्या पार्टवाल्यांना फोन लावले. कुणी म्हणायचं बॅटरी आहे, की मॅडम म्हणायच्या, फोटो पाठवा. फोटो आला की म्हणायच्या, मागच्या बाजूचा पाठवा. मग लेबलचा, मग तारेच्या टोकाचा. शेवटी दिल्लीचा एक माणूस इतका कावला की त्याने फोनवर हात जोडल्याचा आवाज मला इथे ऐकू आला. मीही कावलेच होते, कारण हे फोटो माझ्या फोनवर यायचे. रविवारी सकाळी पोहे करताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, नणंदेच्या डोहाळजेवणात, माझ्या फोनवर गंजलेल्या बॅटऱ्यांचे फोटो येत होते. नवरा म्हणाला, “तुझं बाकी सगळं चांगलं आहे, पण हे काय चाललंय?”

त्या दिवसांत आक्काला भगवान भाड्याच्या गाडीने आणायचा. ऊस तोडणीला आला तसं त्याला जमेना. मग एका दिवशी मॅडमनी मला सांगितलं की आज तू दवाखान्यात आक्काजवळ बस, मला एमआयडीसीत जायचंय. बॅटरी बघायला! बहिणीला सोडून! मी ठरवलं, आज संध्याकाळी सरळ सांगायचं की यापुढे माझ्याच्याने होणार नाही.

आक्का खाटेवर पडलेली, हाताला नळ्या. मी बाजूला स्टुलावर. मशीन फिरत होतं. मी बहुधा काही बोलले असेन, की मॅडमना या बॅटरीचं वेड लागलंय, वगैरे. आक्का छताकडे बघत म्हणाली, “तिनं आपली किडनी देऊ केल्ती मला.”

मला हे माहीत नव्हतं.

“मला न सांगताच गेल्ती डॉक्टरकडं. सगळे कागद केले, रक्त दिलं. रक्त जुळलं बी. मंग डॉक्टर म्हन्ले, बाई, तुम्हाला साखर हाय, तुमची किडनी चालायची न्हाई. तिला वाटलं, डॉक्टर नीट बघून न्हाई राह्यला. मंग दुसऱ्या डॉक्टरकडं गेल्ती. त्यो बी न्हाईच म्हन्ला.” आक्का थोडी हसली. “लई भांडली मंग डॉक्टरशी.”

“मग?”

“मंग काय. मला म्हन्ली, आक्का, तुला मी गाडीत नेईन अन् गाडीत आणीन, तुझा पाय धुळीत पडू द्यायची न्हाई.” तिने डोळे मिटले. “तू चिडू नको तिच्यावर. लहानपणापासून अशीच हाय. मला बी लई तरास दिला तिनं.”

संध्याकाळी मॅडमचा फोन आला तेव्हा मी पाणी प्यायला विसरले. “...आणि उद्या गॅसकटर लावणार म्हणून राह्यला तो. सकाळी लवकर ये.”

जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या सळ्यांचे कारखाने आहेत. त्यांच्या भट्ट्यांसाठी कुठून कुठून भंगार येतं. पिपं, कपाटं, रेल्वेचे तुकडे, आणि अपघातात गेलेल्या गाड्या. अशाच एका वाड्यात मॅडमना त्यांच्या गाडीची जुळी बहीण सापडली होती. तोच रंग, तेच मॉडेल, फक्त दोन-तीन वर्षांनी नवी. पुढून पार चेंदामेंदा, मागून कोरी. तिच्या आजूबाजूला ट्रकच्या चॅसिसचे ढीग होते, आणि एक माणूस गॅसकटरची नळी सोडवत बसला होता.

भंगारवाले शेठ खुर्चीत बसून मॅडमकडे बघत होते. मॅडम त्या मोडक्या गाडीच्या मागच्या दारातून आत शिरल्या होत्या आणि बाहेर त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या.

“कोण आहेत या?” शेठने मला विचारलं.

“आमच्या मॅडम.”

“कालपासून येऊन राहिल्यात. मी म्हणलं, घेऊन जा बॅटरी. तर म्हणतात, आधी तपासते.”

मुश्ताकभाई आला होता. हा आमच्या भागातला ऑटो इलेक्ट्रिशियन, ई-रिक्षांच्या बॅटऱ्यांचं काम करणारा. या कामाला तो आधी साफ नाही म्हणाला होता. “मॅडम, ये बारा वोल्ट का काम नै है. इसमें दो सौ के ऊपर करंट है. आदमी चिपका तो चिपकाच.” मॅडमनी त्याला आठवडाभर रोज फोन केले. मला वाटतं भीती गेली म्हणून नव्हे, तर फोनला कंटाळून त्याने होकार दिला. त्याची एकच अट होती, काम चालू असताना मॅडमनी दहा हात लांब उभं राहायचं. मॅडमनी अट मान्य केली. पाळली मात्र एकदाही नाही.

आता त्याने रबरी हातमोजे घातले, आधी पुढची साधी बॅटरी सोडवली, मग मागची नारिंगी खिट्टी ओढून काढली. ती काढली की मोठ्या बॅटरीचा प्रवाह तुटतो. मग तो नुसताच उभा राहिला.

“काय झालं? काढ ना,” शेठ म्हणाले.

“रुकना पडता. अंदर का करंट उतरने दो.”

गॅसकटरवाला माणूसही थांबला. सगळे थांबले. मॅडमसुद्धा गप्प उभ्या राहिल्या, आणि मला आठवतं, मी त्यांना कधी इतका वेळ गप्प पाहिलं नव्हतं. मग बॅटरी बाहेर निघाली. लांबट, करड्या रंगाची, बिछान्याच्या वळकटीएवढी. मॅडमनी तळहात वर केला. त्यावर जुन्या बॅटरीच्या लेबलचा नंबर होता. शेवटचे आकडे जुळत नव्हते, आणि एका तारेचं टोकही वेगळं होतं.

“न्हाई जुळत,” शेठ म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जरा सुटकाच होती.

मुश्ताकभाईने खाली बसून दोन्हीचे फोटो ताडून पाहिले. आतले सेल तेच, मांडणी तीच. वेगळा होता तो बाजूला लावलेला कंट्रोलचा डबा. जुन्या बॅटरीवरचा डबा या बॅटरीवर चढवला तर गाडी ओळखेल, असं त्याचं म्हणणं पडलं. “पण मॅडम, चलेगी कितना, मैं नै बता सकता. किती दिवस पडून आहे काय माहीत.”

“ते मी बघते,” मॅडम म्हणाल्या.

त्यांनी कसं बघितलं ते सांगते. मुश्ताकभाईच्या शेडमध्ये बॅटरी उघडली. आत पातळ पुस्तकांसारखे सुटे भाग ओळीने उभे असतात. एकेक भाग चार्ज करायचा, मग त्यावर हेडलाइटचा बल्ब लावायचा आणि तो किती वेळ दम धरतो ते बघायचं. मॅडम प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून बल्बकडे बघायच्या. एक झाला की दुसरा. मध्ये कुणी बोललेलं चालायचं नाही. शेडमध्ये पाच-सहा रिक्षावाले आपल्या बॅटऱ्या घेऊन ताटकळत, आणि मुश्ताकभाईचं गिऱ्हाईक तुटत चाललेलं. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाई, इनकू घर में कोई काम नै क्या?” तीन-चार भागांचे बल्ब लवकर मंदावले. ते मॅडमनी बाद केले. जुन्या बॅटरीतले जे भाग अजून दम धरत होते, ते त्या जागी घ्यायचे ठरले.

त्यासाठी जुनी बॅटरी उघडली, आणि तिथे ते सापडलं.

मोठी बॅटरी तापू नये म्हणून तिला एक छोटा पंखा असतो. तो गाडीच्या आतली हवा ओढतो. हवा आत जायला मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी असते. मुश्ताकभाईने पंखा काढला तर तो कापसाने गच्च भरलेला. त्याने चिमटीत धरून एक पुंजका ओढला. “ये कपास कहाँ से आया? जिनिंग में खड़ी करते थे क्या गाड़ी?”

मॅडमनी तो पुंजका हातात घेतला. त्यात लाल धागे होते. त्या धाग्यांकडे बघत राहिल्या. मलाही मग कळलं. आक्कासाठी अंथरलेली ती गोधडी जाळीवर आली होती. पंख्याला हवाच मिळत नव्हती, आणि जी मिळत होती तिच्यासोबत गोधडीतला कापूस आत जात होता. रोजच्या वाटेवर, उन्हात, बॅटरी आतल्या आत शिजत होती.

“मीच मारली हिला,” मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, “मॅडम, जुनीच होती ती. एवढी वर्षं...”

“उगी काही बोलू नको.” त्यांनी कापसाचा पुंजका मुठीत दाबला. “मी तिच्यासाठीच टाकल्ती गोधडी. तिचं अंग दुखत होतं. तिच्या हाडाला सीट टोचत होती.” मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तर त्यांनी तो ठेवू दिला, ही मोठीच गोष्ट. मग नाक पुसून म्हणाल्या, “मुश्ताक, पंखा धुवून घे. नुसता झटकू नको, बराबर धू.”

बॅटरी बसली. नारिंगी खिट्टी परत लागली. मुश्ताकभाईने बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. म्हणजे आवाजच नाही. तो कपाळाला हात लावणार एवढ्यात मॅडमनी आत वाकून पाहिलं. काचेखाली हिरवा दिवा लागला होता. लाल त्रिकोण नव्हता. गाडी चालू होती. इतक्या दिवसांत आम्ही विसरून गेलो होतो की ती अशी आवाज न करताच चालू होते. मुश्ताकभाई हसायला लागला. मीही. मॅडम मात्र हसल्या नाहीत. “चालू झाली म्हंजी चालली असं न्हाई,” त्या म्हणाल्या.

आता मला वाटलं, सुटले. उद्यापासून आक्का गाडीत, मॅडम गाडीत, मी माझ्या घरी. पण मॅडम आक्काला गाडीत बसू देईनात. आधी त्या स्वतः तपासणार. कंपनीतून त्यांनी टाकाऊ बियाण्याची पोती मागून घेतली, आक्काच्या वजनाइतकी मागच्या सीटवर ठेवली, त्यांना सीटबेल्ट लावला, आणि रोज सकाळी जालना ते घनसावंगी, घनसावंगी ते जालना अशा पोती फिरवायला लागल्या. दर थांब्याला उतरून जाळीपाशी हात धरून बघायच्या, हवा ओढते का. घनसावंगीच्या चौकात जीपवाले हसायचे. “बाई, पोत्यायला डायलिसिस हाय का?” भगवानने तर हात टेकले. “मावशी, माझी माय घरात बसून हाय अन् तुम्ही पोते फिरवून राह्यल्या. मी भाड्याची गाडी करून राह्यलो. मला काय येड लागलं का?”

“बाभळीखाली एकदा बसवलं तिला. दुसऱ्यांदा न्हाई बसवायची.”

त्या दिवसापासून भगवानने हसणाऱ्या जीपवाल्यांना दम द्यायला सुरुवात केली.

शेवटी आक्कानेच निकाल लावला. एका सकाळी मॅडमची गाडी दारात आल्यावर तिने सुनेच्या खांद्यावर हात ठेवून चालत येऊन मागचं दार उघडलं, पोतं ढकललं आणि आत बसली. “पोत्याला उतरव,” ती म्हणाली. “मला उशीर होऊन राह्यला.” मॅडम तिच्याशी चिक्कार भांडल्या. आक्का गाडीतून उतरली नाही. मग पोती भगवानच्या ओसरीवर उतरली आणि गाडी जालन्याकडे निघाली. या वेळी गोधडी नव्हती. मॅडमनी फक्त आक्काच्या पाठीशी एक छोटी उशी दिली होती, आणि अंबडपर्यंत दर दहा मिनिटांनी विचारत होत्या, “टोचतं का? टोचतं का?” शेवटी आक्का ओरडली, “तूच टोचून राह्यली!” हे मला आक्काने सांगितलं.

गाडी चालली. मुश्ताकभाई म्हणाला होता सांगता येत नाही, पण एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. मधेच कधी तरी मॅडमच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, तरी त्या चालवतच होत्या, म्हणून मी त्यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं मोठ्याने भांडले. दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी आला. “...अन् भगवान म्हणतो, मीच चालवतो. त्याला न्हाई जमत गं, ब्रेक जोरात दाबतो.” ज्याने गाडी भंगारात द्या म्हटलं होतं, तोच आता ती चालवायला लागला. मॅडम मागे बसून त्याला शिकवायच्या. त्या बिचाऱ्याला ऊस, कारखाना आणि आई यांच्यावर आता ही मावशीही होती.

त्यानंतर मला नांदेडला जावं लागलं. नवऱ्याची बदली, माझीही नवी नोकरी. निघायच्या आदल्या दिवशी सामानाची धावपळ होती. मॅडमना भेटायला जायचं राहूनच जाणार, असं वाटत होतं. दुपारी काही तरी आणायला स्कूटीवरून निघाले तर जालन्यातल्याच अंबड चौफुलीवर गर्दी तुंबलेली. उसाच्या ट्रॅक्टरने वाट अडवली होती. मी थांबले, आणि बाजूला मॅडमची गाडी येऊन उभी राहिली. नेहमीसारखी न सांगता.

भगवान पुढे होता. मागे दोघी. डायलिसिस झालेलं असावं, कारण आक्का मॅडमच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली होती, तोंड थोडं उघडं, पदर घसरलेला. मॅडम ताठ बसल्या होत्या. तो खांदा त्यांनी जराही हलू दिला नव्हता. ओठ मात्र चालू होते. काचेमागून ऐकू येत नव्हतं, पण भगवानच्या मानेवरून कळत होतं की त्याला ब्रेकबद्दल सांगणं चाललंय.

मी काचेवर टकटक केली. त्यांनी मान न वळवता नुसते डोळे वळवले. मला पाहिलं. उद्या मी जाणार हे त्यांना माहीत होतं. मला वाटलं, त्या हात तरी वर करतील. पण आक्का जागी होईल म्हणून त्यांनी तोही केला नाही. नुसतं माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या भुवया आकसल्या. डोळ्यांनी त्यांनी माझ्या हनुवटीकडे दाखवलं. मला समजेना. पुन्हा दाखवलं, आता चांगल्या चिडून. ‘तुला काहीच कसं कळत नाही’ अशा त्या नजरेने.

हेल्मेटचा पट्टा सुटा होता.

मी तो ओढून नीट लावला. खटका बसल्याचं त्यांनी पाहिलं, तेव्हा कुठे भुवया सैल झाल्या. ट्रॅक्टर हलला, आणि गाडी घनसावंगीच्या रस्त्याला लागली.